पाठीवर नंबर, नाव नाही

५ एप्रिल २०१०. इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना संपायला साडेतीन सेकंद उरले होते. एका बाजूला ड्यूक, म्हणजे या खेळातलं बडं संस्थान. दुसऱ्या बाजूला त्याच शहरातलं बटलर, जेमतेम चार हजार विद्यार्थ्यांचं विद्यापीठ, पहिल्यांदाच इथवर पोचलेलं. ड्यूक दोन गुणांनी पुढे होतं. बटलरच्या गॉर्डन हेवर्डने चेंडू घेतला, धावत मध्यरेषेपाशी आला आणि तिथूनच फेकला. चेंडू फळीवर आपटला, कड्याला लागला आणि बाहेर पडला. ६१-५९.

मी तेव्हा इंडियाना राज्यातल्याच एका विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस. करत होतो. अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं होतो. मी नागपूरचा, एक सांगलीचा, दोघे हैदराबादचे. सामना संपल्यावर बाकीचे हळहळत झोपायला गेले. मी प्लेस्टेशन सुरू केलं, ‘एनसीएए बास्केटबॉल १०’ हा गेम लावला, बटलर विरुद्ध ड्यूक असा सामना निवडला आणि मध्यरेषेवरून तीच फेक पुन्हा पुन्हा मारत बसलो. पहाटे तीनच्या सुमारास एकदाचा चेंडू जाळीत पडला. पडद्यावरच्या प्रेक्षकांनी उड्या मारल्या. पण ज्याने तो मारला त्या उंच, किडकिडीत, गोऱ्या मुलाला नाव नव्हतं. त्याच्या जर्सीवर वीस हा आकडा होता, बस. हेवर्डही वीस नंबरच घालायचा.

या गेमचं बलस्थान आणि त्याचं वैगुण्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी बरीच वर्षं समजत होतो. पुढे एका खटल्याची निकालपत्रं वाचताना लक्षात आलं, की त्या दोन्ही एकाच मुळातून फुटलेल्या आहेत. ते कसं, हे सांगण्याआधी हा खेळ आणि त्याचा गेम यांविषयी थोडं सांगायला हवं. दिवाळी अंकाच्या वाचकाने प्लेस्टेशनला हात लावला असेलच, असं मी धरून चालत नाही.

बास्केटबॉलचा जन्मच शिक्षणसंस्थेतला. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावं म्हणून तो शोधला. (हेच नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. त्या नामांकित संघाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा हरणं ज्यांच्या खात्यावर जास्त आहे असे ते एकमेव प्रशिक्षक! खेळ शोधणं वेगळं आणि जिंकणं वेगळं.) अमेरिकेत या खेळाची दोन राज्यं आहेत. एक एनबीए, म्हणजे व्यावसायिकांचं. दुसरं कॉलेजांचं, ज्यावर एनसीएए या संघटनेची सत्ता चालते. वरच्या श्रेणीतच साडेतीनशेच्या आसपास विद्यापीठांचे संघ आहेत. मार्च महिन्यात त्यांतल्या निवडकांची बाद फेरीची स्पर्धा होते. एकदा हरलात की घरी. त्या तीन आठवड्यांना तिकडे ‘मार्च मॅडनेस’ म्हणतात आणि ते नाव अतिशयोक्त नाही. ऑफिसातला शिपाई आणि साहेब सारखेच तक्ते भरून पैजा लावतात.

एनबीएमध्ये चेंडू हातात आल्यापासून २४ सेकंदांत फेकावा लागतो. त्या काळी कॉलेजमध्ये ही मुदत ३५ सेकंदांची होती. तीन गुणांची रेषाही बास्केटच्या जवळ होती. या दोन आकड्यांनी खेळाचा स्वभावच बदलतो. ३५ सेकंद हाताशी असले की कमी उंचीची, कमी वेगाची मुलंसुद्धा चेंडू फिरवत, जागा बदलत, समोरच्याला कंटाळवत संधीची वाट पाहू शकतात. प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी याच धीरावर एक संपूर्ण पद्धत उभारली. सगळे बास्केटपासून लांब उभे राहायचं, बचाव करणारा पुढे ओढला गेला की त्याच्या पाठीमागून आत शिरायचं. १९९६ साली या पद्धतीने प्रिन्स्टनने गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असं बाहेर काढलं. यूसीएलए हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए या कंपनीने २००९च्या नोव्हेंबरमध्ये आणलेल्या त्या गेमची खरी थोरवी इथे होती. त्याआधीचे बहुतेक कॉलेज गेम म्हणजे एनबीएच्या गेमला घातलेला कॉलेजचा गणवेश असे. या गेममध्ये मात्र प्रत्येक संघ आपापल्या पद्धतीने खेळायचा. तुमच्या हातात एकच खेळाडू असतो, बाकीचे चार यंत्र चालवतं. ते चार आता नुसते ताटकळत उभे नसत. संघाची जी रीत असेल त्याप्रमाणे ते जागा बदलत, एकमेकांसाठी आडोसा धरत, आत शिरत. प्रिन्स्टनच्या धाटणीचा संघ घेऊन घाई केली की चेंडू हमखास गमवायचा. थांबलं, की दहाव्या-बाराव्या सेकंदाला कुणीतरी पाठीमागून निसटलेला दिसायचा. नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टवर आमचे सर कानीकपाळी ओरडून जे सांगायचे, ‘चेंडू टाकला की पळ, उभा राहू नकोस,’ ते मला बोटांच्या टोकांना पहिल्यांदा कळलं ते या गेममुळे.

दुसरी जमेची बाजू सादरीकरणाची. सामने ईएसपीएन आणि सीबीएस अशा दोन्ही वाहिन्यांच्या थाटात दिसत. ईएसपीएनचा सामना असला की ब्रॅड नेस्लर आणि डिक व्हिटाल, सीबीएसचा असला की गस जॉन्सन आणि बिल राफ्टरी. गस जॉन्सन हा अटीतटीच्या क्षणी आवाज फाटेस्तोवर ओरडण्याबद्दल प्रसिद्ध. आपल्याकडच्या वाचकाला हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण रेडिओवर क्रिकेटचं समालोचन ऐकत वाढलेल्यांना विचारा, ठरावीक आवाजाशिवाय सामना सामना वाटतो का?

आता उणिवा. खेळाडूंच्या हालचाली कुठे कुठे लाकडी होत्या. पळणारा माणूस फरशीवर घसरल्यासारखा वाटे. मोठ्या विद्यापीठांची क्रीडागृहं ओळखू येत, पण लहान कॉलेजांच्या वाट्याला एकाच साच्यातून काढलेली. समालोचनाची वाक्यं दहा-पंधरा सामन्यांत पाठ होत. मुलींचे संघ नव्हतेच. हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही, याची आज लाज वाटते. त्याच मोसमात कनेक्टिकट विद्यापीठाचा मुलींचा संघ ३९ पैकी ३९ सामने जिंकून विजेता झाला होता आणि त्या वर्षीच्या कॉलेज बास्केटबॉलच्या गेममध्ये त्याचा मागमूस नव्हता.

त्याहून मोठी उणीव होती प्रशिक्षकाच्या भूमिकेतून वर्षानुवर्षं संघ चालवण्याच्या भागात. इथे तुलना करावी लागते ती टू-के स्पोर्ट्सच्या ‘कॉलेज हूप्स २के८’शी. हा गेम २००७चा, म्हणजे दोन वर्षं जुना. तरी या बाबतीत तो कितीतरी पुढे होता. एखादं कुणाला माहीत नसलेलं कॉलेज घ्यायचं, शाळकरी मुलांवर नजर ठेवायची, त्यांना फोन करायचे, कॉलेज दाखवायला बोलवायचं, बड्या विद्यापीठाने तो मुलगा पळवला की कपाळाला हात लावायचा, आणि असं करत सहा-सात मोसमांनी स्पर्धेत एक सामना जिंकायचा. त्यात एखाद्या लांबलचक कादंबरीचा आनंद होता. चार वर्षांनी मुलगा पदवी घेऊन निघून जाई आणि त्याची जागा रिकामी वाटे. ईएच्या गेममध्ये हा भाग उरकल्यासारखा होता. एक सामना खेळायचा तर ईए, एक आयुष्य घालवायचं तर टू-के, असा निवाडा मी तेव्हा खोलीतल्या मित्रांना देत असे. त्यांनी तो मागितला नव्हता.

पण दोन्ही गेममध्ये एक गोष्ट समान होती. खेळाडूंना नावं नव्हती. विद्यापीठांची नावं होती, बोधचिन्हं होती, वाहिन्यांची नावं होती, समालोचकांची नावं आणि आवाज होते. फक्त जे खेळत होते ते अनामिक.

याचं कारण एनसीएएच्या हौशीपणाच्या नियमांत होतं. कॉलेजचा खेळाडू हा आधी विद्यार्थी, त्याला शिष्यवृत्ती मिळेल, पण खेळाचे किंवा स्वतःच्या प्रसिद्धीचे पैसे घेता येणार नाहीत. यासाठी ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ असा खास शब्द १९५०च्या दशकात घडवला गेला. जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू नये, हा त्यामागचा एक हेतू होता, हे खुद्द एनसीएएचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर लिहून ठेवलं आहे. २०१० साली मार्चच्या त्या स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी सीबीएस आणि टर्नर यांनी १४ वर्षांचा १०.८ अब्ज डॉलरचा करार केला. हौस सगळी मैदानात उतरणाऱ्यांनी करायची होती.

नाव छापलं तर ते विकल्यासारखं होईल, म्हणून नाव गाळलं. बाकी सगळं तसंच ठेवलं. जर्सीचा क्रमांक, उंची, वजन, वर्ण, केसांची ठेवण, डावखुरा की उजवा, फेक कुठून चांगली पडते, सगळं. आम्ही खेळणारे काय करायचो? पहिल्या दिवशी बसून विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरच्या याद्या उघडायचो आणि एकेक नाव टंकायचो. गेममध्येच तशी सोय होती. मी एका आठवड्यात चाळीस संघांची नावं भरली होती. गाळलेल्या जागा भरा, असा तो गृहपाठ होता आणि कंपनीलाही तो आम्ही करणार हे ठाऊक होतं.

त्या वर्षी मी टीए म्हणून पदवीच्या मुलांना प्राथमिक संख्याशास्त्र शिकवत होतो. माझ्या तुकडीत आमच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातला एक मुलगा होता. सुरुवातीच्या पाचांत तो नसे, पण सामन्यातली बारा-पंधरा मिनिटं खेळायचा. पहिल्या बाकाएवढे लांब पाय, त्यामुळे कायम शेवटी बसायचा. परगावच्या सामन्यांमुळे त्याचे तास बुडत. ते भरून काढायला तो संध्याकाळी माझ्याकडे येई, बहुधा गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून. एकदा शक्यता शिकवताना मी फ्री थ्रोचं उदाहरण घेतलं. फाऊल झाला की मोकळी फेक मिळते, समोर कुणी नसतं, आणि तरीही कॉलेजमधलं यशाचं प्रमाण वर्षानुवर्षं सत्तर टक्क्यांच्या आसपासच राहिलेलं आहे. बोलता बोलता मी त्याला सांगून टाकलं, की मी त्याला गेममध्ये खेळवतो.

तो हसला नाही. खुर्ची पुढे ओढून त्याने विचारलं, “मला फ्री थ्रो किती दिलाय?”

मला आठवत होतं. शंभरात अठ्ठावन्न.

“अठ्ठावन्न गेल्या वर्षीचं आहे,” तो म्हणाला. “या वर्षी मी एक्काहत्तरवर आहे.”

मग त्याने बाकीचे आकडे विचारले. वेग, उडी, लांबची फेक. वहीच्या मागच्या पानावर मी लिहून दिले. तो ते पान बराच वेळ पाहत होता. गेम त्याच्याकडे होता का, मी विचारलं. नव्हता. प्लेस्टेशनच नव्हतं. पैसे मिळाले का हे विचारण्याचं मला सुचलंही नाही. घरी आल्यावर मी अठ्ठावन्नचे एक्काहत्तर केले.

त्या मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला विचारलेलं नाही.

याच सुमारास, मला पत्ता नसताना, कॅलिफोर्नियात एक खटला सुरू झाला होता. एड ओबॅनन हा यूसीएलएचा माजी खेळाडू. १९९५ साली त्याच्या संघाने विजेतेपद मिळवलं आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. व्यावसायिक कारकीर्द फार काळ टिकली नाही. पुढे तो लास वेगासमध्ये मोटारींच्या विक्रीच्या व्यवसायात होता. २००८ साली तो एका मित्राकडे गेला असताना मित्राच्या मुलाने त्याला सांगितलं, की तुम्ही गेममध्ये आहात. मुलाने गेम लावून दाखवला. ईएने जुन्या गाजलेल्या संघांमध्ये १९९५चं यूसीएलए दिलं होतं. पडद्यावर ३१ नंबरची जर्सी, मुंडण केलेलं डोकं, डाव्या हाताने फेक. ओबॅननच तो. फक्त नाव नव्हतं. कॉलेज सोडून त्याला तेरा वर्षं झाली होती, तरी त्याची छबी विकली जात होती. परवानगी कुणी विचारली नव्हती, पैसे कुणी दिले नव्हते. २००९च्या जुलैमध्ये त्याने एनसीएएवर दावा लावला. त्याच वर्षी अ‍ॅरिझोना स्टेटचा फुटबॉलपटू सॅम केलर याने ईएच्या फुटबॉल गेमविरुद्ध असाच दावा केला होता.

साहित्याच्या वाचकाने खरं तर केलरच्या दाव्याचा निकाल वाचायला हवा. कारण ईएचा बचाव आपल्या ओळखीचा आहे. कंपनीचं म्हणणं असं, की गेम ही अभिव्यक्ती आहे, कलाकृती आहे. कलावंताला खऱ्या माणसांवर बेतून निर्मिती करण्याचं स्वातंत्र्य हवं. ऐतिहासिक कादंबरी लिहिणारा, खऱ्या माणसाचं नाव बदलून त्याला कथेत आणणारा लेखक यापेक्षा वेगळं काय करतो? व्हिडिओ गेमला पुस्तकासारखंच अभिव्यक्तीचं संरक्षण आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटलंच होतं. तेव्हा प्रश्न बिनबुडाचा नव्हता.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात यासाठी एक कसोटी आहे. कलावंताने त्या माणसाच्या छबीत स्वतःचं काही घालून तिचं रूपांतर केलं आहे का? ही कसोटी ठरली ती २००१ साली, ‘थ्री स्टुजेस’ या विनोदी त्रिकुटाचं कोळशाने काढलेलं हुबेहूब चित्र टी-शर्टवर छापून विकणाऱ्या चित्रकाराच्या खटल्यात. चित्र कौशल्याचं होतं, पण निव्वळ हुबेहूब होतं, म्हणून चित्रकार हरला. उलट २००३ साली जॉनी आणि एडगर विंटर या संगीतकार भावांनी एका कॉमिक्सवर दावा लावला. त्यात त्यांच्यावर बेतलेली दोन पात्रं अर्धी माणूस आणि अर्धी अळी अशी दाखवली होती. तिथे कॉमिक्सवाले जिंकले. माणसाची अळी केलीत, म्हणजे नवं काही निर्माण केलंत!

३१ जुलै २०१३ रोजी नवव्या सर्किटच्या न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने केलरच्या बाजूने कौल दिला. निकालात एक बारीक निरीक्षण आहे. गेममधला खेळाडू खऱ्यापेक्षा दोनच बाबतींत वेगळा होता. जर्सीवर नाव नव्हतं आणि त्याचं गाव बदललं होतं. बाकी सगळं जुळत होतं. संघांचं साहित्य सांभाळणाऱ्या माणसांकडे कंपनी तपशीलवार प्रश्नावल्या पाठवी, कोण काय घालतो, कुणाची काय लकब. आणि नाव नव्हतं तरी खेळणारे ते बाहेरून आणून भरू शकत, याचीही न्यायालयाने नोंद घेतली. आता सार असं: हा मुलगा ज्या कामासाठी प्रसिद्ध होता तेच काम, त्याच मैदानात, त्याच रूपात करताना तुम्ही दाखवला आहे. यात रूपांतर कुठे आहे?

विरोधी मत देणारे न्यायाधीश म्हणाले, की संपूर्ण गेमकडे पाहा, त्यात निर्मितीचा भाग प्रचंड आहे, आणि खेळाडूंच्या छबीचा खेळणारा हवा तसा कायापालट करू शकतो. मला हे मत आजही अगदीच टाकाऊ वाटत नाही. अळीच्या न्यायाने पाहिलं तर जो लेखक माणसाला जितकं विद्रूप करील तितका तो सुरक्षित आणि जो प्रामाणिकपणे जसं आहे तसं लिहील तो अडकणार, अशी चमत्कारिक परिस्थिती येते. चरित्रकादंबऱ्यांवरून आपल्याकडे जे वाद झडतात त्यांत हा निकष लावून पाहावा. मला तो साहित्यात चालणार नाही असं वाटतं. पण इथे मी शेवटी बहुमताकडेच झुकतो, आणि त्याचं कारण निकालपत्रात नाही. ती वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली आकड्यांची यादी हे माझं कारण आहे. कादंबरीतलं पात्र वाचून मूळ माणूस ‘हा मी नाही’ असं म्हणू शकतो. त्या मुलाने ‘हा मी नाही’ म्हटलं नव्हतं. त्याने आकडा जुना झाल्याची तक्रार केली होती.

आणि म्हणून बलस्थान आणि वैगुण्य वेगळं काढता येत नाही. आपापल्या रीतीने खेळणारे संघ, डावखुऱ्याची डावी फेक, किडकिडीत मुलाचा किडकिडीतपणा, ज्या अचूकतेवर मी फिदा होतो तीच न्यायालयात पुरावा झाली. गेम वाईट असता, सगळे खेळाडू एकाच साच्यातले असते, तर ओबॅननच्या मित्राच्या मुलाला काही ओळखूच आलं नसतं.

एक गैरसमज दूर करायला हवा. या खटल्यांनी कॉलेज बास्केटबॉलचे गेम संपवले, असं चाहते सर्रास म्हणतात, आणि ओबॅननला त्यासाठी बोल लावतात. तारखा तसं सांगत नाहीत. टू-केने आपली मालिका २००८च्या सुरुवातीलाच गुंडाळली, खटला दाखल होण्याच्या दीड वर्ष आधी. ईएने आपली मालिका २०१०च्या सुरुवातीला थांबवली, तेव्हा एकही निकाल लागलेला नव्हता. खटल्यांच्या तडाख्यात सापडली ती फुटबॉलची मालिका. ती २०१३ सालच्या आवृत्तीनंतर थांबली. बास्केटबॉलचा खपच मुळात बेताचा होता. त्याच खोक्यात एनबीएचे गेम होते, त्यांत खेळाडूंची नावं होती, लेब्रॉनचं नाव होतं. नाव नसलेल्या मुलांचा गेम विकायचा तर खेळणाऱ्याला त्या कॉलेजविषयी आधीपासून जिव्हाळा हवा. अर्थात नावं असती तर खप वाढला असता का, हा प्रश्न उरतोच.

पुढचं थोडक्यात. ईए आणि परवाने देणारी कंपनी यांनी चार कोटी डॉलर देऊन तडजोड केली, एनसीएएने गेमपुरते आणखी दोन कोटी दिले. २०१४च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ओबॅननच्या मूळ दाव्यात एनसीएएचे नियम स्पर्धाकायद्याचा भंग करतात असा निकाल दिला. वरच्या न्यायालयाने तो अंशतः कायम ठेवला. २०२१च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि छबीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. २०२४च्या जुलैमध्ये ईएचा कॉलेज फुटबॉलचा गेम अकरा वर्षांनी परत आला. संमती देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला सहाशे डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. दहा हजारांहून अधिक मुलांनी संमती दिली. सहाशे डॉलर ही रक्कम फार नाही. त्यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. पण विचारलं गेलं. २०२५च्या जूनअखेरीस ईएने बास्केटबॉलचाही गेम परत आणण्याचं सूतोवाच केलं आहे.

‘कॉलेज हूप्स २के८’चे चाहते मात्र थांबलेले नाहीत. दरवर्षी नवा मोसम सुरू झाला, की काही जण शेकडो संघांच्या याद्या हाताने नव्याने भरतात आणि एकमेकांना देतात. २००७ सालच्या जर्सीत यंदाची मुलं. हा उद्योग फुकट, प्रेमाने आणि कुणालाही न विचारता चालतो. मी त्यांना नावं ठेवू शकत नाही. चाळीस संघ मीही भरले आहेत.

माझं प्लेस्टेशन पुण्यात अजून आहे. चकतीवर ओरखडे आहेत, पण चालते. मागच्या दिवाळीत माझ्या भाचीने ते माळ्यावरून काढलं आणि कुठला संघ घेऊ म्हणून विचारलं. मी आमच्या विद्यापीठाचा सांगितला. तिने खेळाडूंची यादी उघडली, खाली खाली जात राहिली आणि मध्येच थांबली.

“मामा, हा तर बाकावर बसणारा आहे. याचा फ्री थ्रो सगळ्यांपेक्षा जास्त कसा?”

“एक्काहत्तर आहे ना?”

“नाही, पंच्याऐंशी.”

तो आकडा मी केव्हा बदलला, मला आठवत नाही.